माळ्यावरचं जुनं शिलाई मशीन: आधी ओळखा, मग तेल घाला, रंगाला हात सगळ्यात शेवटी

ठाण्यात सध्या कुठल्याही जुन्या भागात जा, नौपाडा घ्या, पाचपाखाडी घ्या, चरई घ्या, रीडेव्हलपमेंटला गेलेल्या बिल्डिंगखाली टेम्पो उभा असतो आणि बाजूला माळ्यावरून उतरवलेलं सामान, त्यात हमखास एक काळं शिलाई मशीन. नवीन फ्लॅटमध्ये माळा नाही, जागा नाही, आणि चाक फिरत नाही म्हणजे मशीन गेलं असं समजून ते भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जातं. मला हे खरंच बघवत नाही, कारण त्यातली बहुतेक मशीनं बिघडलेलीच नसतात, आतलं तेल वर्षानुवर्षं सुकून गोंदासारखं घट्ट झालेलं असतं एवढंच. आणि जी घरी ठेवली जातात त्यांचं नुकसान पहिल्याच दिवशी होतं, उत्साहाने कोणीतरी थिनर नाहीतर सॅनिटायझर घेऊन पुसायला बसतं आणि सोनेरी नक्षी फडक्यावर येते. म्हणून क्रम पाळा, आधी मशीन कुठलं ते ओळखायचं, मग ते मोकळं करायचं, आणि दिसण्याचं बघायचं ते शेवटी.

मशीन खाली उतरवलं की चाक जोरात फिरवून बघायचा मोह होतो, तो आवरा. आधी मोबाइलवर फोटो काढा, चारही बाजूंनी, खालून, टेन्शनचा, म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या चकत्यांचा क्लोजअप, शटलच्या, म्हणजे खालचा दोरा जिथे फिरतो त्या जागेचा क्लोजअप. खोललेले स्क्रू परत कुठे जातात हे आठवत नाही, फोटो असला की प्रश्नच येत नाही.

ओळखायचं कसं

नावावर जाऊ नका, शटल बघा. सुईच्या डावीकडची सरकणारी स्टीलची पट्टी बाजूला करा आणि आत काय आहे ते बघा. आत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं लांबट शटल असेल आणि त्यात काडीसारखी लांब बॉबिन असेल तर ते सिंगरचं २७ किंवा २८ नंबरचं, नाहीतर त्यांच्या नंतरचं १२७ किंवा १२८ असण्याची शक्यता खूप. २८ हे २७ चंच छोटं रूप, साधारण पाऊण साइजचं, हातमशीन म्हणून बरंच खपलेलं. पट्टी उघडल्यावर गोल बॉबिन वरून आडवी टाकायची सोय दिसली तर ते ६६, आणि त्याचं पाऊण साइजचं भावंड ९९. आणि बॉबिन उभी असेल, केससकट डाव्या बाजूने खालून बसवायची असेल, आणि वरचं टेन्शन अगदी डाव्या टोकाला फेस प्लेटवर, म्हणजे सुईच्या दांड्याच्या झाकणावर असेल तर ते १५ नंबरचं, आपल्याकडे घरोघरी दिसणारं मशीन बहुतेक हेच.

हे १५ नंबरचं डिझाइन नीट समजून घ्या, कारण पार्टचा तुमचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. जपानने दुसऱ्या महायुद्धानंतर या डिझाइनची लाखो मशीनं काढली, आपल्याकडे कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा याच धर्तीवर बनवलं, आणि लुधियानात तर या मशीनचं आणि त्याच्या पार्टचं अख्खं मार्केट उभं राहिलं. त्यामुळे आजीच्या १५के सिंगरला लागणारी बॉबिन, बॉबिन केस, सुई, चेक स्प्रिंग (वरच्या दोऱ्याला ताण देणारी), दाते (कापड पुढे सरकवणारे) हे सगळं आजही ठाणे स्टेशनजवळच्या बाजारात, वाशी-कोपरखैरण्याच्या टेलरिंग मटेरियलच्या दुकानात मागितलं की मिळू शकतं. फक्त जुनी बॉबिन आणि जुनी केस सोबत घेऊन जा, नुसतं तोंडी सांगू नका. १५ ची बॉबिन साधारण २० मिलिमीटर व्यासाची, दोन्ही बाजू सपाट, ६६ ची बॉबिन दोन्ही बाजूंनी किंचित फुगीर. दिसायला सारख्या वाटतात पण एकीच्या जागी दुसरी टाकली की टीप नीट येत नाही आणि माणूस दोष मशीनला देतो. प्लास्टिकच्या बॉबिन जुन्या मशीनला नकोतच, लोखंडीच घ्या.

लांब शटलवाल्या २७-२८ ला सुई नेहमीची घरगुती चालते, पण शटल हरवलं असेल तर शोधाशोध करावी लागते, म्हणून माळ्यावरून मशीन उतरवताना खालचे ड्रॉवर, टिनचे डबे, जुनी पिशवी काहीही न बघता टाकू नका. त्याच्याही आधीचं सिंगर १२ कोणाकडे निघालं, म्हणजे तळ व्हायोलिनसारखा वळणदार असलेलं, तर त्याची सुईच वेगळी असते आणि ती आता सहज मिळत नाही. ते चालवण्यापेक्षा जपून ठेवण्याकडे लक्ष द्या.

आता सिरियल नंबर. सिंगरमध्ये तो उजवीकडे, उभ्या खांबाच्या पायाशी, बेडवर, म्हणजे मशीनच्या सपाट तळावर ठोकलेला असतो. काळा मळ बसलेला असतो म्हणून दिसत नाही, तेलाच्या बोटाने हळू पुसलं की उमटतो. अक्षर नसून नुसते आकडे असतील तर मशीन १९०० च्या आधीचं. १९०० पासून एक अक्षर यायला लागलं आणि १९३५ च्या सुमाराला दोन. ‘वाय’ अक्षर म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचं, १९२२ ते १९३५ च्या दरम्यानचं, ‘ईए’, ‘ईई’, ‘ईएफ’ अशी ईने सुरू होणारी दोन अक्षरं म्हणजे तिथलंच पण त्यानंतरचं. ‘जी’ किंवा ‘एए’, ‘एबी’ असेल तर अमेरिकेत न्यू जर्सीच्या एलिझाबेथचं, आणि ‘सी’ असेल तर जर्मनीतल्या विटेनबर्गेचं. मॉडेलच्या नंबरमधला ‘के’, १५के, ६६के, ९९के, हा क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्याचा के, तो कारखाना १८८० च्या दशकात सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. एक लक्षात ठेवा, नंबर कारखान्याला गठ्ठ्याने आधी दिले जायचे, त्यामुळे त्यावरून कळणारं वर्ष म्हणजे नंबर दिल्याचं वर्ष, मशीन थोडं नंतरही बनलेलं असू शकतं. निळ्या कडेचा गोल बिल्ला, त्यावर १८५१-१९५१ असेल तर तो कंपनीला शंभर वर्षं झाल्याचा.

ही मशीनं इतकी सापडतात कशी असं लोक विचारतात. मुंबईत सिंगरचं काम एकोणिसाव्या शतकातच सुरू झालं, नसरवानजी मेरवानजी पटेल नावाचे पारशी गृहस्थ त्यांचे एजंट होते आणि पुढे हा सगळा व्याप त्यांनीच वाढवला. गांधीजी यंत्रांच्या विरोधात बोलायचे तेव्हाही सिंगरचं मशीन त्यांनी अपवाद म्हणून बाजूला काढलं होतं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी हे मशीन असणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

आणि म्हणूनच किमतीच्या अफवांवर विश्वास ठेवू नका. २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा पसरली होती की जुन्या सिंगरमध्ये रेड मर्क्युरी नावाचा मौल्यवान पदार्थ असतो, लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजले, आणि त्यात काडीचंही तथ्य नव्हतं. तसले मेसेज आपल्याकडेही फिरतात, कोणी फोन करून लाखांची भाषा केली तर सरळ फोन ठेवा. १५के, ६६के ही लाखोंनी बनलेली मशीनं आहेत, त्यांची खरी किंमत ती शिवतात यात आहे.

पुसायचं कशाने

जुन्या काळ्या मशीनवर आधी जपान नावाचा काळा चकचकीत रंग, त्यावर सोनेरी डिकल म्हणजे नक्षी, आणि त्यावर बहुतेक वेळा लाखेचा म्हणजे शेलॅकचा पारदर्शक हात असतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून सॅनिटायझर, स्पिरिट, कोलिन, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही रंगावर आणू नका. पाणी आणि साबणही नको, लाख जिथे झिजली आहे तिथे सोनेरी अक्षर पांढरट चंदेरी पडतं आणि ते परत सोनेरी होत नाही. फक्त मशीनचं स्वच्छ पांढरं तेल आणि जुन्या धोतराचं किंवा बनियनचं मऊ सुती फडकं घ्यायचं. तेल लावून तासभर सोडा, मग एका बोटाला फडकं गुंडाळून गोल गोल हळू पुसा, आणि फडक्याकडे बघत राहा. तपकिरी, पिवळट मळ येतोय तोपर्यंत ठीक, फडक्यावर सोनेरी कण किंवा काळा रंग दिसला की तिथेच थांबा. डिकलवर कमी दाब, मोकळ्या काळ्या भागावर थोडा जास्त. दोन-तीन दिवस थोडं थोडं करा, एका बैठकीत चकचकीत करायला जाऊ नका.

रंगकाम करून द्या म्हणून बरेच जण विचारतात, ऑटो पेंटवाल्याकडून काळा डुको मारून वर नवीन स्टिकर लावून आणतात. माझं ठाम मत आहे, करू नका. झिजलेली नक्षी ही त्या घरातल्या बाईचा हात जिथे रोज टेकला त्याची खूण आहे, आणि नवीन रंग तेलाच्या छिद्रांत आणि सांध्यात जाऊन मशीन परत जाम करतो ते वेगळंच.

जाम झालेलं मशीन

आता मुख्य काम, आणि इथे घाई केली तर सगळं फुकट. सुई काढा, प्रेशर फूट काढा, बॉबिन केस काढा, पट्टा उतरवा. मग चाकाच्या मधली गोल चकती सैल करून बघा. चकती सैल केल्यावर चाक एकटं फिरतंय तर चाक चांगलं आहे आणि जाम आतल्या दांड्यात आहे. चाकच फिरत नसेल तर चाकाच्या आतल्या बुशमध्ये तेल सुकलंय, आधी तिथे तेल. एवढ्या एका चाचणीने अर्धं निदान होतं.

पुढे शटलची जागा. १५ नंबरमध्ये हूक ज्या गोल रिंगेत फिरतो ती मॉडेलप्रमाणे खिटीने नाहीतर स्क्रूने बसवलेली असते, ती काढली की अर्धचंद्रासारखा हूक हातात येतो. आमच्या ओळखीच्या एका काकूंचं मशीन असंच आलं होतं, ऐरोलीहून, एका मेकॅनिकने मेन शाफ्ट गेला म्हणून सांगितलेलं. काकू म्हणाल्या, “बाळा, एकदा उघडून तरी बघ, मग दे टाकून.” हूक काढला तर मागच्या खाचेत लाल दोऱ्याचा एक तुकडा, गुंडाळून गुंडाळून पार दाबून कडक झालेला, चिमट्याने ओढला तर साखळीसारखा बाहेर आला आणि चाक फिरलं. शाफ्टला काही झालेलं नव्हतं. म्हणून सांगते, मोठ्या बिघाडाचा विचार करायच्या आधी हूक काढून दोरा शोधा.

मग नीडल प्लेटचे दोन स्क्रू काढा. दात्यांच्या खाली कापसाचा भुगा, तेल आणि धूळ मिळून नमद्यासारखा जाड थर बसलेला असतो, तो एकसंध पापुद्र्यासारखा निघतो. टूथपिक आणि जुना ब्रश घ्या, फुंकर मारू नका, फुंकरीने तो अजून आत जातो. दात्यांच्या खाचांतही हाच थर असतो आणि मग कापड पुढे सरकत नाही, लोक म्हणतात दाते झिजले. झिजलेले क्वचितच असतात.

साफ झालं की तेल. जिथे जिथे लोखंड लोखंडावर हलतं तिथे प्रत्येक जागी थेंब, वरची छिद्रं, फेस प्लेट काढून आतला सुईचा दांडा आणि दोरा वर खेचणारा आर्म, मशीन मागे कलंडवून खालचे सगळे सांधे. मशीन खूपच घट्ट असेल तर आधी घासलेट, ते आता सहज मिळत नाही, तर हार्डवेअरच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं. फक्त आतल्या सांध्यांत, ड्रॉपरने, रंगावर सांडू न देता, गॅलरीत बसून, गॅस आणि देवाच्या दिव्यापासून लांब. रात्रभर ठेवा. सकाळी चाक पुढे-मागे फक्त हलवा, फिरवायचं नाही, हलवायचं. आज पाव इंच हललं तर उद्या अर्धा इंच हलेल. मधे हेअर ड्रायरने सांध्याला गरम हवा दिली तर सुकलेलं तेल मऊ पडतं. पाना लावून चाक ओढणं, हातोडीने ठोकणं अजिबात नाही, बीडाचं लोखंड वाकत नाही, सरळ तुटतं. मोकळं झालं की टर्पेंटाइन पुसून काढून परत चांगलं तेल घालायचं, कारण टर्पेंटाइन मळ काढतं, वंगण देत नाही. स्प्रे कॅनमधल्या गंज सोडवणाऱ्या स्प्रेचंही तेच, जाम सोडवायला ठीक, पण मशीनचं तेल म्हणून नाही.

आणि खोबरेल तेल कृपा करून नको. आपल्याकडे घरात हाताशी असतं म्हणून बऱ्याच पिढ्यांनी घातलंय, आणि मी जितकी जाम मशीनं बघितली त्यातल्या खूप मशीनच्या आत तोच पिवळा चिकटा होता. खोबरेल, गोडंतेल आत राहून चिकट होतं. मशीनचं पांढरं मिनरल तेल घ्या, छोटी बाटली खूप दिवस पुरते.

स्क्रूबद्दल एकच गोष्ट, सिंगरच्या बऱ्याच स्क्रूंचे आटे नेहमीच्या मापाचे नसतात, हार्डवेअरचा स्क्रू बसणार नाही. म्हणून खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर वापरा, निघत नसेल तर तेल घालून एक दिवस थांबा. चाकाची चकती परत बसवताना आतला तीन कानांचा वॉशर उलटा गेला तर बॉबिन भरताना सुई थांबत नाही, तेव्हा वॉशर अर्धा फिरवून बसवा, बाहेर वळलेले दोन आतले कान बाहेरच्या बाजूला हवेत.

टेन्शन आणि टीप

मशीन फिरायला लागलं पण टीप खराब येते, इथे लोक हात टेकतात. आधी सुई नवीन घाला, जुनी गंजलेली नको, आणि दिशा बघा. १५ नंबरमध्ये सुईची सपाट बाजू डावीकडे, दोरा उजवीकडून डावीकडे. उलटी बसवली तर टाका पडतच नाही. टेलरच्या मोठ्या ३१ सारख्या मशीनची गोल दांड्याची सुई घरगुती मशीनला घालू नका.

दोरा ओवताना प्रेशर फूट वर उचललेला हवा, तेव्हाच टेन्शनच्या दोन चकत्या उघडतात आणि दोरा मधे नीट बसतो. कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होतोय तर नव्वद टक्के दोष वरच्या दोऱ्याचा असतो, तो चकत्यांत बसलेलाच नसतो. वर एका रंगाचा, खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घालून सुती कापडाच्या दोन घड्यांवर टीप मारा. खालचा रंग वर दिसला तर वरचं टेन्शन जास्त, वरचा रंग खाली दिसला तर कमी. चकत्यांच्या मधे गंज किंवा जुन्या दोऱ्याचा धागा अडकलेला असतो, तेलाची सुती पट्टी मधून ओढून काढा. पूर्ण खोललंच तर चकत्यांच्या फुगीर बाजू एकमेकींकडे तोंड करून बसल्या पाहिजेत, आणि मधली बारीक पिन जपा, ती टिचकीसारखी उडते आणि ती नसली की फूट उचलल्यावर टेन्शन सुटत नाही.

बॉबिन केसचं तपासायचं तर भरलेली बॉबिन घालून केस दोऱ्याने हवेत धरा. आपोआप घसरून खाली आली तर सैल, हलका झटका दिल्यावर थोडी घसरून थांबली तर बरोबर. बाजूचा छोटा स्क्रू पाव आट्याहून जास्त एका वेळी फिरवू नका.

पायमशीनचा चामडी पट्टा आपल्याकडे पावसाळ्यात सैल पडतो, ठाण्याची खाडी जवळ, हवेत ओल. सैल झाला की क्लिप काढून थोडा कापून परत क्लिप लावायची, पण जास्त घट्ट करू नका, पाय जड होतो. चाक वरून आपल्याकडे यायला हवं. उलटं फिरलं की दोरा तुटतो. बॉबिन भरणीचं रबर कडक झालं असेल तर नवीन स्वस्तात मिळतं.

मोटर लावलेली असेल तर आधी वायर बघा. जुन्या वायरीचं रबर बोटाने दाबलं की भुगा होतो, अशी मशीन प्लगला लावायचीच नाही, इलेक्ट्रिशियनकडून वायर आणि पेडलची वायर बदलून घ्या. अमेरिकेतून आलेलं मशीन असेल तर मोटरवर ११० व्होल्ट लिहिलंय का बघा, आपल्या २३० वर सरळ लावलं तर मोटर जळते.

गंजलेले छोटे पार्ट, स्लाइड प्लेट, फूट, स्क्रू, व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून, बघत राहून, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन, लगेच कोरडे करून तेल लावा. निकेलचा मुलामा गेलेला असेल तर तो परत येत नाही, घासत बसू नका. लाकडी टेबलाला वाळवी लागली असेल तर मशीन आधी वेगळं काढा, सुटलेला व्हिनिअर फेव्हिकॉल लावून वजन ठेवून दाबा.

पहिली शिलाई जुन्या चादरीच्या तुकड्यावर करा, तेल घातल्यावर थोडं तेल खाली उतरतंच, नव्या ब्लाउजपीसवर डाग पडेल. साध्या सुतीला १४ नंबरची सुई, पातळ व्हॉइलला ११, जीन्सला १६ किंवा १८. जीन्सच्या जाड जोडावर पायाने मारण्यापेक्षा चाक हाताने फिरवून टाके घ्या.

जूनपासून पुढे मशीन प्लास्टिकच्या कव्हरमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत घाम धरतो आणि सुईचा दांडा पहिला गंजतो. सुती चादर टाका, पंधरा दिवसांतून एकदा थेंबभर तेल घालून पाच मिनिटं चालवा, आणि फूट खाली सोडताना दात्यांवर नेहमी कापडाचा तुकडा ठेवा.